पार्क, मॉन्युमेंट आणि एक ऑफर लेटर

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या ट्रिपा साधारण तीन प्रकारच्या असतात. आई-बाबा आले की नायगारा, मुलं झाली की डिस्ने आणि त्याआधी, म्हणजे दोघंच असताना, ग्रँड कॅनियन. आम्ही तिसऱ्या प्रकारातले. फक्त आम्ही नुसतं ग्रँड कॅनियन न करता युटा राज्याला वळसा घालून तिथे गेलो.

कुठलं मोटेल स्वस्त, कुठला ट्रेल सोपा याची माहिती नेटवर चिक्कार आहे, त्यामुळे ती मी इथे देत बसत नाही. मला लिहायचंय ते पार्क आणि मॉन्युमेंट या दोन शब्दांबद्दल. जाण्याआधी मला दोन्ही एकच वाटायचे. बोर्डाचा रंग तोच, रेंजरची टोपी तीच, मग फरक काय? फरक आहे, आणि तो आमच्या घरातल्या एका प्रश्नाच्या फार जवळचा निघाला.

आधी थोडा तपशील. २८ सप्टेंबर २०२४, शनिवार. लास व्हेगसला उतरून गाडी भाड्याने घेतली आणि ६ ऑक्टोबरला तिथेच परत केली. नऊ दिवस, साडेतेराशे मैल, पाच नॅशनल पार्क, तीन नॅशनल मॉन्युमेंट (त्यातली दोन नुसती गाडीतून) आणि एक असं ठिकाण की ज्याच्या नावात मॉन्युमेंट आहे पण जे नॅशनल मॉन्युमेंट नाही. सोबत छोटा राइस कुकर, मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि भडंग. मोटेलच्या खोलीत मऊ भात आणि मेतकूट खाल्लं की दिवसभरचं सँडविच माफ होतं.

आणखी एक गोष्ट सोबत होती. निघायच्या आदल्या आठवड्यात बायकोच्या मेलवर आलेलं पुण्यातल्या एका कंपनीचं ऑफर लेटर.

बायको स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. लग्नाआधी चार वर्षं पुण्यात पुलांची डिझाइन्स करायची. लग्न झालं आणि ती एच-फोर व्हिसावर इकडे आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एच-वनवाल्याच्या जोडीदाराला एच-फोर मिळतो. त्यावर शिकता येतं, गाडी चालवता येते, नोकरी मात्र करता येत नाही. २०१५ पासून काही एच-फोरवाल्यांना वर्क परमिट मिळायला लागलं, पण त्यासाठी आधी नवऱ्याच्या ग्रीनकार्डाची एक पायरी मंजूर व्हावी लागते. आमची ती पायरी अजून आली नव्हती. दोन वर्षं ती घरी होती. लायब्ररीतून पुस्तकं आणायची, ऑनलाइन कोर्स करायची आणि फ्रीवेवरून जाताना फ्लायओव्हरच्या पोटाकडे बघत राहायची.

कंपनीला उत्तर हवं होतं ७ ऑक्टोबरला, सोमवारी. म्हणजे ट्रिप संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. "ग्रँड कॅनियनला पोचेपर्यंत विषय काढायचा नाही," असं आमचं ठरलं. तो आमचा शेवटचा मुक्काम होता.

पहिला मुक्काम झायन. गेटवर ८० डॉलरचा वार्षिक पास काढला. सगळी तिकिटं सुटी काढली असती तर दुपटीहून जास्त गेले असते. पासाच्या मागे दोन सह्यांची जागा होती. रेंजरबाई म्हणाल्या, दोघंही करा, दोघंही मालक. बायकोने सही केली, कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "या देशात मला तुझ्या बरोबरीने मिळालेलं हे पहिलं कार्ड." ती हसत होती. मीही हसलो आणि गाडी पुढे काढली.

झायनमध्ये तुम्ही दरीच्या तळाशी असता. दोन्ही बाजूंना दोन-दोन हजार फुटांच्या लालसर भिंती आणि मध्ये एवढीशी व्हर्जिन नदी. ही सगळी कोरीव कामं या पोरीने केली यावर विश्वास बसत नाही. पुढे ब्राइस कॅनियनला उलटं, तिथे तुम्ही कडेवर उभे राहून खाली बघता. खाली नारिंगी दगडाचे हजारो सुळके. त्यांना हूडू म्हणतात. ब्राइस आठ-नऊ हजार फुटांवर आहे. वर्षातले जवळपास दोनशे दिवस तिथलं तापमान रात्री गोठणबिंदूच्या खाली जातं आणि दिवसा वर येतं. दगडाच्या भेगेत पाणी शिरतं, गोठतं, गोठताना नऊएक टक्के फुगतं आणि भेग थोडी आणखी रुंदावते. रोज रात्री थोडी थोडी. "काँक्रीटमध्ये हेच होतं," बायको म्हणाली. मग पुढची वीस मिनिटं थंड प्रदेशातल्या काँक्रीटमध्ये मुद्दाम बारीक हवेचे बुडबुडे का ठेवतात, हे तिने मला समजावून सांगितलं. बर्फाला फुगायला जागा मिळावी म्हणून! आजूबाजूचे लोक सूर्यास्ताचे फोटो काढत होते.

त्या रात्री मोटेलमध्ये पार्क आणि मॉन्युमेंटचा उलगडा झाला. नॅशनल पार्क काँग्रेस करते. म्हणजे कायदा, मतदान, दोन्ही सभागृहं, सगळं साग्रसंगीत. नॅशनल मॉन्युमेंटही काँग्रेसला करता येतं, पण बहुतेक वेळा ते अध्यक्ष करतो, एका सहीनिशी. १९०६ साली अँटिक्विटीज अ‍ॅक्ट आला. नैऋत्येकडच्या प्राचीन वस्त्यांमधून लोक मडकी आणि इतर वस्तू खणून विकत होते आणि काँग्रेसची वाट बघेपर्यंत काही उरलं नसतं. म्हणून अध्यक्षाला अधिकार दिला की सरकारी जमिनीवर जे ऐतिहासिक किंवा शास्त्रीय महत्त्वाचं आहे ते त्याने जाहीर करावं, जागा मात्र गरजेपुरतीच घ्यावी.

थिओडोर रूझवेल्टने तो अधिकार हातात आल्या आल्या वापरायला काढला. पहिलं मॉन्युमेंट झालं वायोमिंगमधलं डेव्हिल्स टॉवर, त्याच वर्षी. आणि जानेवारी १९०८ मध्ये गड्याने अख्खं ग्रँड कॅनियन मॉन्युमेंट करून टाकलं. आठ लाख एकर! 'गरजेपुरती' जागा.

आम्ही बघितलेली पाचही पार्क आधी मॉन्युमेंट होती. ग्रँड कॅनियन १९०८, झायन १९०९ (तेव्हा त्याचं नाव मुकुंटुवीप), ब्राइस १९२३, आर्चेस १९२९, कॅपिटल रीफ १९३७. पार्काचा दर्जा नंतर मिळाला. ग्रँड कॅनियन आणि झायनला १९१९ मध्ये, ब्राइसला १९२८ मध्ये. आर्चेस आणि कॅपिटल रीफ १९७१ पर्यंत ताटकळत होती.

"म्हणजे मॉन्युमेंट हा एच-वन आणि पार्क म्हणजे ग्रीनकार्ड," मी म्हणालो. विनोद बरा होता. फक्त त्या विनोदात एच-फोर कुठे बसतो हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ब्राइसहून कॅपिटल रीफकडे जाणारा हायवे १२ हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर रस्ता. एस्कलँटे आणि बोल्डर या दोन गावांच्या मध्ये तो एका अरुंद धारेवरून जातो. दोन्ही बाजूंना दरी आणि कठडा नाही. वरंधा घाटात गाडी चालवलेल्या माणसालाही तिथे स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावंसं वाटतं. हा सगळा भाग ग्रँड स्टेअरकेस-एस्कलँटे मॉन्युमेंटमध्ये येतो. १९९६ मध्ये क्लिंटनने ते जाहीर केलं. युटामध्ये एवढा विरोध होता की युटातल्या जमिनीच्या कागदावर त्याने सही केली शेजारच्या अ‍ॅरिझोनात, ग्रँड कॅनियनच्या काठावर बसून.

कॅपिटल रीफला फ्रूटा नावाची जुनी वस्ती आहे. मॉर्मन लोकांनी १८८० च्या दशकात तिथे फळबागा लावल्या, त्या आता पार्कच्या आहेत. हंगामात स्वतः फळं तोडायची, वजन करायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. आम्ही सफरचंदं घेतली. ती पुढे तीन दिवस पुरली.

३ ऑक्टोबरला घटस्थापना होती. सकाळी आईचा फोटो आला, घट, झेंडूची माळ वगैरे. आम्ही तेव्हा आर्चेसच्या गेटवर. त्या वर्षी तिथे वेळेचं आरक्षण लागायचं. मी ते महिनाभर आधी केलं होतं आणि त्याबद्दल माझं कौतुक व्हावं अशी माझी अपेक्षा होती. (झालं नाही.)

आर्चेसमध्ये दोन हजारांहून जास्त दगडी कमानी आहेत. कारण जमिनीखाली आहे. फार पूर्वीचा समुद्र आटून तिथे मिठाचा हजारो फूट जाड थर साचला. वर वाळूचा दगड जमत गेला. मीठ ओझ्याखाली सरकतं, फुगतं, बसतं. त्यामुळे वरच्या दगडाला समांतर भेगा पडल्या, भेगा रुंदावून मध्ये दगडाच्या पातळ भिंती उरल्या आणि काही भिंतींना भोकं पडली. त्यातली सगळ्यात लांब लँडस्केप आर्च, ३०६ फूट. मधोमध ती इतकी बारीक आहे की बघतानाच श्वास रोखला जातो. १९९१ मध्ये तिच्या खालच्या बाजूने सुमारे ६० फूट लांबीची शिळा सुटून पडली. तेव्हापासून खालून जाणारी वाट बंद आहे. जवळचीच वॉल आर्च २००८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री अख्खी कोसळली.

बायको लँडस्केप आर्चसमोर पाऊण तास बसली. वहीत कमान काढली, बाण काढले. "दगड दाबला तर टिकतो, ताणला तर तुटतो," ती म्हणाली. "ही अजून बहुतेक दाबात आहे, म्हणून उभी आहे. ती शिळा पडली हे एका अर्थी बरंच झालं, वजन कमी झालं." शेजारी बसलेल्या एका अमेरिकन आजोबांनी विचारलं, तू जिऑलॉजिस्ट आहेस का? ती म्हणाली, "नाही, मी पूल बांधते." वर्तमानकाळात. दोन वर्षांत मी तिच्या तोंडून ते वाक्य ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नॅचरल ब्रिजेस. हे मात्र पार्क झालेलं नाही, १९०८ पासून मॉन्युमेंटच आहे, युटामधलं पहिलं. आर्च आणि ब्रिजमधला फरक बायकोने मला गाडीतच शिकवला. कमान पाऊस आणि बर्फाने पडते. ब्रिज वाहत्या पाण्याने. ओढा वळण घेत घेत एक दिवस मधली भिंत फोडून सरळ जातो आणि वर पूल उरतो. इथे असे तीन आहेत: सिपापू, काचिना आणि ओवाचोमो. ओवाचोमो १८० फुटांचा, जाडी फक्त ९ फूट. त्याच्या खाली उभं राहिलं की आपण आवाज न करता बोलायला लागतो.

त्याच्या चहूबाजूंनी बेअर्स इअर्स मॉन्युमेंट आहे. त्याची गोष्ट ऐका. होपी, नावाहो, झुनी आणि दोन युट जमाती अशा पाच जमातींनी एकत्र येऊन मागणी केली, डिसेंबर २०१६ मध्ये ओबामाने सही केली. साडेतेरा लाख एकर. डिसेंबर २०१७ मध्ये ट्रम्पने दुसरी सही करून त्यातला सुमारे ८५ टक्के भाग वगळला. ग्रँड स्टेअरकेसही त्याच दिवशी जवळपास निम्मं केलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये बायडनने तिसरी सही करून दोन्ही पूर्ववत केली. दगड तिथेच, हजार वर्षांपूर्वीची दगडी घरं तिथेच. पाच वर्षांत स्टेटस तीनदा बदललं.

नॅचरल ब्रिजेस हे जगातलं पहिलं इंटरनॅशनल डार्क स्काय पार्क, २००७ पासून. अमावास्या होऊन दोनच दिवस झाले होते, चंद्रकोर लवकर मावळली. गाडीचे दिवे बंद केले आणि थोड्या वेळाने आकाशगंगा दिसायला लागली. लहानपणी गावाला दिसायची तशी. बराच वेळ दोघंही गप्प होतो. मग ठरलेला नियम तिनेच मोडला.

"माझं इथलं राहणं तुझ्या सहीवर आहे. तुझं कंपनीच्या सहीवर. उद्या कंपनीने तुला काढलं तर साठ दिवस. मला या कशाचा राग नाही रे. पण मी पुलाखाली उभी राहून फोटो काढते, याचा मला कंटाळा आलाय."

मला खूप काही बोलायचं होतं. पायरी येईल, वर्षभर थांबू, वकिलाला विचारतो. हे सगळं मी आधीही बोललो होतो आणि ते खोटं नव्हतं. पण ते सगळं 'थांब' या एकाच शब्दाचे प्रकार होते. मी विचारलं, "कधीपासून जॉइन व्हायचंय?"

"जानेवारी."

"मग हो म्हण."

मला ती जायला नको होती. हे मी तेव्हा बोललो नाही, ब्लँडिंगच्या वाटेवर गाडीत बोललो. ती म्हणाली, "माहितीये." रस्त्यावर हरणं येत होती म्हणून मी चाळीसच्या वर गेलो नाही. मोटेलवर पोचायला खूप उशीर झाला.

५ तारखेला मॉन्युमेंट व्हॅली. सिनेमात बघितलेले ते लाल बुरुज. हे ना नॅशनल पार्क, ना नॅशनल मॉन्युमेंट. ही नावाहो लोकांची जमीन, १९५८ पासून त्यांचं स्वतःचं ट्रायबल पार्क. आमचा ८० डॉलरचा पास इथे चालत नाही आणि चालू नयेच. इथे घड्याळाचीही गंमत आहे. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नावाहो नेशन करतं. त्याच्या पोटात असलेला होपींचा प्रदेश करत नाही. ज्यांनी टाइमझोनचे बग सोडवलेत त्यांना माझं दुःख कळेल. :) त्या दिवशी दुपारी आम्हाला एक तास फुकट मिळाला, तो ग्रँड कॅनियनचा सूर्यास्त गाठायला कामी आला.

ग्रँड कॅनियनबद्दल काय लिहिणार? २७७ मैल लांब, मैलभर खोल. काठावरचा चुनखडीचा थर २७ कोटी वर्षांचा, तळाचा काळा खडक सुमारे १७० कोटी वर्षांचा. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे इथल्या मानाने कालचं पोर. आणि त्या तळाच्या खडकाचं नाव काय असावं? विष्णू शिस्ट! समोर दरीत विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल नावाची शिखरं. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने पौर्वात्य देवांची नावं द्यायची ही पद्धत पाडली. आम्ही दोघांनी लांबूनच नमस्कार केला.

इथे एक टोलनाकाही होता. दरीत उतरणारी ब्राइट एंजेल ट्रेल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॅल्फ कॅमेरॉन नावाच्या माणसाच्या ताब्यात होती आणि तो माणशी एक डॉलर घ्यायचा. मोक्याच्या जागांवर त्याने खाणींचे दावे ठोकले होते. सरकारने कोर्टात खेचल्यावर त्याचं म्हणणं, एवढी मोठी दरी मॉन्युमेंट करायचा अध्यक्षाला अधिकारच नाही. १९२० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या विरोधात निकाल दिला. कॅमेरॉन त्याच वर्षी सिनेटर म्हणून निवडून आला, ते वेगळं. पण रूझवेल्टची ती सही टिकली नसती तर काँग्रेसचा कायदा येईपर्यंतची अकरा वर्षं दरी कोणाच्या हातात राहिली असती?

त्या काठावर मला एवढंच वाटलं की तात्पुरता कागद काही कमी दर्जाचा नसतो. कायमचा कागद येईपर्यंत तोच सांभाळतो. फक्त त्याच्या भरवशावर किती वर्षं काढायची हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. बायकोने तिचं ठरवलं होतं.

समोर नॉर्थ रिम दिसत होता. सरळ रेषेत दहा मैल, गाडीने दोनशेच्या वर. तिथे कड्याच्या अगदी टोकावर एक जुनं दगडी लॉज होतं. आमच्याकडे वेळ नव्हता. पुढच्या वेळी करू, असं म्हणून आम्ही व्हेगसचा रस्ता धरला. सोमवारी सकाळी तिने मेल पाठवला.

जानेवारी २०२५ मध्ये ती पुण्याला गेली. जुलैमध्ये ड्रॅगन ब्राव्हो नावाचा वणवा नॉर्थ रिमवर पसरला आणि ते लॉज जळून गेलं. बातमी मी तिला पाठवली, पासाची मुदत अजून सप्टेंबरपर्यंत होती. पुण्यात तेव्हा सकाळ होती, ती साइटवर होती. दुपारी तिचं उत्तर आलं. तिने लॉजचा इतिहास शोधला होता. पहिलं १९२८ मध्ये बांधलेलं, १९३२ मध्ये जळलं. त्याच पायावर १९३७ मध्ये पुन्हा उभं केलं. खाली लिहिलं होतं: "भिंती दगडाच्या होत्या. कितपत तापल्यात ते बघून ठरवावं लागेल."

मग तिने त्या दिवशी ओतलेल्या स्लॅबचा फोटो पाठवला. त्यात ती नव्हती, फक्त तिचं हेल्मेट होतं, एका खांबावर ठेवलेलं.